पोरं रानात न्यायची, पण कुणाच्या मागून?

सातारा जिल्ह्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका तरुण शिक्षकांनी विचारलं आहे: "कॅनडातले मूळ रहिवासी आपल्या मुलांना जमिनीवर नेऊन शिकवतात, तिथं वडीलधारेच शिक्षक असतात, असं वाचलं. आमच्या गावातली १४ ते २० वयाची मुलं रानात फिरकत नाहीत. आजोबांशी बोलणं 'जेवला का'च्या पुढं जात नाही. बाई, तुम्ही वीसेक वर्षं हे काम केलंय. आमच्याकडे असं काही सुरू करायचं तर कसं? अभ्यासक्रमाचा आराखडा असेल तर पाठवा."

आराखडा माझ्याकडे होता. २००३ साली रात्री जागून केलेला, रंगीत पेनांनी रकाने आखलेला. त्याचं काय झालं ते आधी सांगते, कारण तुमच्या पत्रातला उत्साह अगदी माझ्या त्या वेळच्या उत्साहासारखा आहे.

पाटण तालुक्यातल्या एका पठारावर पहिलं शिबिर घेतलं. चाळीस मुलं, गळ्यात शिट्ट्या, गटांना पक्ष्यांची नावं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते चार 'स्थानिक ज्ञान' असा तास ठेवला होता. त्यासाठी वरच्या धनगरवाड्यातल्या एका आजींना बोलावलं. गवळी धनगर, साठीच्या पुढच्या, जन्म म्हशींच्या मागं गेलेला. आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोर मुलं ओळीत, मांडीवर वह्या. मी म्हणाले, "आजी, इथल्या औषधी वनस्पतींची माहिती सांगा." आजी खुर्चीच्या कडेला टेकून पदर सावरत बसल्या. "असतंय की", "आमा अडान्यास्नी काय ठावं", असं दोन-तीनदा म्हणाल्या आणि वीस मिनिटांत उठल्या. म्हशी सोडायच्या होत्या. शिबिराच्या अहवालात मी लिहिलं, 'स्थानिक ज्ञान लोप पावत चालले आहे.' ते वाक्य आठवलं की आजही कानकोंडं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोन मुली दिसेनात. माझ्या पोटात गोळा आला. शोधत गेले तर दोघी आजींच्या म्हशींमागं निघालेल्या. मीही मागं लागले. अकरापर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर होतो, आणि आजींचं तोंड एकदाही थांबलं नाही. कोणता झरा शिमग्यापर्यंत टिकतो आणि कोणता संक्रांतीलाच आटतो. गाभण म्हशीला कोणता पाला द्यायचा नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, कुठं पावसात पाय टाकायचा नाही, कारण खाली पोकळ आहे. कुठल्या झाडाला अस्वल पाठ घासतं. कुठल्या दगडाखाली त्यांच्या सासऱ्यांना पुरलं आहे. एकही गोष्ट त्यांनी 'माहिती' म्हणून सांगितली नाही. म्हैस जिकडं वळली तिकडं बोलणं वळलं. परतताना एका मुलीनं विचारलं, "आजी, काल का नाही सांगितलं?" तर म्हणाल्या, "काल कुठं म्हशी हुत्या?"

ज्याला जमीन ठाऊक आहे, त्याचं ठाऊक असणं त्याच्या कामात साठलेलं असतं. काम चालू असताना ते बाहेर येतं, खुर्चीवर बसवलं की आटतं. म्हणून शिबिर आखून त्यात आजींना तास देऊ नका. आजींचा दिवस आहे तसा घ्या, आणि त्यात मुलांना किती मावतं ते बघा. मी गेली वीस वर्षं हेच, चुकतमाकत, करत आले.

आता कॅनडाबद्दल. तिथल्या कामाला मी फार मानते, पण ते उचलून इथं लावता येणार नाही. तिथं सरकार आणि चर्च यांनी मिळून निवासी शाळा चालवल्या. दीड लाखांहून अधिक मुलं आईबापांपासून तोडून त्यांत ठेवली. स्वतःची भाषा बोललं की शिक्षा. अशी शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. त्यांच्या सत्यशोधन आणि समेट आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ साली आला, त्यात ९४ आवाहनं होती. उत्तरेकडे डेने या मूळ रहिवाशांच्या भूमीवर 'डेचिंटा' नावाचं केंद्र चालतं. तिथं मासेमारी, शिकार, कातडं कमावणं हाच अभ्यास. वडीलधारे प्राध्यापकांच्या बरोबरीनं शिकवतात, विद्यार्थी आपली लहान मुलंही घेऊन येतात, आणि त्या शिक्षणाला विद्यापीठाचं श्रेयांकन मिळतं. हे सगळं एका विशिष्ट जखमेवरचं औषध आहे. शाळेनंच जमीन तोडली, म्हणून शाळाच जमिनीवर नेली.

आपल्याकडे जमीन कशानं तुटली, हे तुम्हाला तुमच्या गावापुरतं शोधावं लागेल. पाटण-जावळीत घरटी एक माणूस मुंबईला गेला. आधी गिरण्या, मग माथाडी. कोयनेचं धरण झालं, शिवसागरात गावं बुडाली, माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली. उरलेल्या डोंगराचा काही भाग अभयारण्यात आणि पुढं २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेला. वाई-जावळीकडचे कातकरी एके काळी खैरापासून कात काढायचे, नावच त्यावरून पडलं. जंगल बंद झाल्यावर वीटभट्टी आणि कोळशाच्या भट्टीवर गेले. सांगलीकडं आटपाडी-खानापूरची पोरं दुष्काळानं बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात देशभर सोनं-चांदी गाळू लागली. मुलं आळशी आहेत, मोबाइलनं बिघडली आहेत, असं जेव्हा गावातला कुणी म्हणेल (पहिल्याच बैठकीत म्हणेल), तेव्हा हा इतिहास आठवा. त्यांच्या आजोबांनीच त्यांना रानातून बाहेर पडायला सांगितलं होतं, आणि त्या वेळी ते बरोबरच सांगत होते.

शाळेबाबतही तसंच. मातीत हात घालून शिकणं आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. मुलं वसतिगृहात राहून राबायची आणि शिकायची. माझे वडील त्याच 'कमवा आणि शिका'तून शिकले. पण त्या शिक्षणाचा रस्ता शेतातून कचेरीकडं जाणारा होता. वडील तलाठ्याच्या परीक्षेला बसले तेव्हा आजीनं देवाला नारळ फोडला. त्यांना परत रानात बघायची तिची मुळीच इच्छा नव्हती. तुमच्या गावातल्या आयाही असाच नारळ फोडत असतील. त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय एकही मूल घेऊ नका.

'मूळ रहिवासी' या शब्दावर फार वेळ घालवू नका. आपल्याकडे त्या शब्दाभोवती राजकारण आहे, आणि कोण किती पिढ्यांचा यावर भांडण सुरू झालं की काम राहतं बाजूला. मी एकच कसोटी लावते: या डोंगराशिवाय ज्याची चूल पेटत नव्हती, किंवा अजूनही पेटत नाही, असा माणूस कोण? कुठं तो धनगरवाड्यात भेटेल, कुठं कातकरी वस्तीवर, कुठं गावातल्याच एखाद्या कुळंब्याच्या घरात, जिथं अजून राब भाजून, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळून, नाचणीचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, टाकतात. बहुतेक वेळा तो माणूस गावाच्या बैठकीत मागं उभा असतो. पुढं बसलेल्यांना बाजूला सारून त्याला पुढारपण देणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. आराखडा त्यामानानं सोपा.

जावळीकडचा एक प्रसंग सांगते. आमच्या गटात कराडचे काही मुलगे होते, चांगल्या घरचे. मृगाचा पाऊस पडून गेला होता. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका ओढ्यावर रात्री खेकडी धरायला जायचं ठरलं. नेणारा होता सोळा वर्षांचा कातकरी मुलगा, आठवीत शाळा सुटलेला. त्यानं आधी सगळ्यांच्या चपला बघितल्या आणि दोघांना परत पाठवलं. मग बॅटरी एकच चालू ठेवायला लावली. दगड उलटायचा तो जसा होता तसाच परत ठेवायचा. कराडच्या एकानं दगड भिरकावला, तर हा मुलगा पाण्यात उतरून तो शोधून आणून जागेवर बसवून आला. कुणाला काही बोलला नाही. खेकडा हातात आला की आधी उलटा करून पोट बघायचं. पिल्लं असली की सोडायचा. "मोठी हाय की, घ्यायची ना," असं एकजण म्हणाला, तेव्हा त्यानं विचारलं, "आन् फुडल्या साली काय दगडं खायाची?"

त्या रात्री त्या मुलाला पहिल्यांदा वीस पोरं ऐकत होती. शाळेत तो ज्या मुलांसमोर मान खाली घालून उभा राहायचा, तशीच ही मुलं. मी त्याला प्रमाणपत्र देऊ केलं तर त्यानं बॅटरी मागितली. दिली. पण दिवाळीनंतर त्याला पुन्हा बोलवायला गेले तेव्हा घराला काटेरी फांदी लावलेली. सगळं घर भट्टीवर गेलेलं, ते थेट पावसाच्या तोंडावर येणार. त्या वर्षीपासून आमचं सगळं काम पावसाळ्याभोवती फिरायला लागलं. शाळेची सुट्टी मे महिन्यात असते म्हणून शिबिर मे महिन्यात, हे गणित शिक्षकाच्या सोयीचं आहे. मे महिन्यात शिकवणारे भट्टीवर असतात.

म्हणून वर्ष धरा. जमिनीचा एक तुकडा, एक माणूस, एक पूर्ण वर्ष, आणि मुलं आठ-दहापेक्षा जास्त नकोत. तुमच्या खोऱ्यात उन्हाळ्यात राब भाजणीपासून सुरुवात करता येईल. जूनमध्ये तरव्याची पेरणी, आणि पहिल्या पावसाबरोबर रानभाज्या: शेवळं, मग टाकळा, भारंगी, कुर्डू. शेवळं खाजतात, ती काकडाच्या फळांबरोबर का शिजवायची हे स्वयंपाकघरातच कळतं. जुलैत नाचणीची लावण. पुनर्वसूतल्या पावसाला 'तरणा' आणि पुष्यातल्याला 'म्हातारा' का म्हणतात, हे लावणीच्या वाफ्यात भिजत असताना ऐकलं की मुलं विसरत नाहीत, कारण त्या वेळी त्यांचेच पाय गारठलेले असतात. भाद्रपदात सड्यावरची फुलं, दसऱ्यानंतर कापणी, मळणी, मग उन्हाळ्याकडे हिरडा, करवंदं, जांभळं. बारा महिने एकाच वाफ्याकडं, एकाच झऱ्याकडं जायचं. झऱ्याची पातळी दर पौर्णिमेला काठीनं मोजायची आणि काठीवर खाच पाडायची. आमच्या एका गटाच्या अशा काठ्या अजून एका समाजमंदिराच्या कोपऱ्यात आहेत.

मुलांना काही राखायला द्या. बघायला नेलेली मुलं फोटो काढून परत येतात. ज्यांना एका झऱ्याचा गाळ काढायची जबाबदारी दिली, ती मुलं पुढच्या वर्षी कुणी त्यात प्लास्टिक टाकलं तर भांडायला उठली. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथं बघा, सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ज्या घरात आहेत, त्या घरातल्या मुलाला जांभूळ कधी फुलतं आणि हिरडा कधी, हे पाठ करावं लागत नाही. पेटी उपाशी राहिली की कळतं.

कासचं उदाहरण मी मुलांना नेहमी देते. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात कास पठार आहे. गर्दी वाढली तसं फुलं वाचवायला तारेचं कुंपण घातलं गेलं, गुरं आत यायची बंद झाली. भोवतालचे गुराखी सांगत होते, गुरं चरली नाहीत तर गवत माजेल आणि बारकी फुलं दबतील. पुढं अभ्यासकांतही हीच चर्चा झाली आणि कुंपण निघालं. गुराख्याचं म्हणणं त्याच्याकडून आलं तेव्हा तक्रार ठरलं, अहवालातून आलं तेव्हा निष्कर्ष. मुलांना मी एवढंच विचारते की दोन्हींत फरक काय होता. गप्पा तासभर चालतात.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते, कारण या क्षेत्रात कुणी बोलत नाही. शिकवणाऱ्या आजी-मामांना मानधन द्या, आणि ते शाल-श्रीफळात भागवू नका. दिवसाची मजुरी जेवढी बुडते तेवढे तरी पैसे त्याच संध्याकाळी हातात. आम्ही कारभारी शिक्षकाला जे देतो तेच त्यांना देतो. एकदा एका देणगीदार संस्थेनं 'ज्ञानदान विनामूल्य असावं' असं सुचवलं. सुचवणाऱ्याला त्या दिवसाचा प्रवासभत्ता मिळत होता. ती देणगी आम्ही घेतली नाही. पुढचे सहा महिने जरा ओढाताणीत गेले, ते असो.

दुसरी चूक यापेक्षा मोठी, आणि ती सर्वस्वी माझी. मुलांनी जमवलेल्या वनस्पतींची आम्ही छान पुस्तिका छापली. नकाशा, कुठल्या ओहळाच्या कडेला कोणता कंद, सगळं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या ओहळावर पोत्यानं कंद खणून नेलेले. कोण आलं, कुठून आलं, कळलं नाही. ज्या मामांनी जागा दाखवली होती ते मला काही बोलले नाहीत, पण दोन वर्षं त्यांनी आम्हाला त्या अंगाला नेलं नाही. सह्याद्रीत नरक्याची झाडं औषधासाठी कशी बेसुमार तोडली गेली हे मला माहीत होतं, तरी मी छापलं. तेव्हापासून आमचा नियम: नाव लिहायचं, उपयोग विचारून लिहायचा, जागा कधीच लिहायची नाही. आणि कुठली गोष्ट वहीत जाणार, कुठली जाणार नाही, हे सांगणारा ठरवणार. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची लोक जैवविविधता नोंदवही असते. २००२ च्या कायद्यातली ही तरतूद आहे. ती बहुतेक गावांत कपाटात असते. ती काढून मुलांकडून भरून घ्या, पण हाच नियम लावून.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. मुलगा रानात गेला तर 'फिरायला गेला', मुलगी गेली तर दहा प्रश्न. त्यामुळं गटाबरोबर कायम एक वयस्क बाई असू द्या, शक्यतो त्याच वाडीतली. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आल्या तर उत्तम. पण मुलींसाठी दुसरं दार घराच्या आतही आहे. बियाणं बायकांच्या हातात असतं. राखेत घोळवलेले पावट्याचे दाणे, गाडग्यात ठेवलेली वरी, आड्याला टांगलेली मक्याची कणसं. आमच्या एका गटातल्या मुलींनी स्वतःच्या वाडीतल्या घरांतून बियाणं मागून आणलं आणि कुणाकडून आलं त्याचं नाव लिहून ठेवलं. ते करता करता एकीनं सातबारा बघायला मागितला. गावच्या नकाशावर आपला गट नंबर शोधणं हा आमच्याकडचा ठरलेला उपक्रम होता. तिनं बघितलं तर आत्यांची नावं हक्कसोडपत्रानं निघालेली. "आत्यांना ठाऊक होतं का?" हा तिचा प्रश्न. घरी काय झालं ते इथं लिहीत नाही. पण जमिनीशी नातं जोडायचं म्हटल्यावर ती जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न येणारच, आणि तो आला की शिक्षकाला पळता येत नाही. तयारी ठेवा.

त्याच वाटेवरची एक उपयोगाची गोष्ट: वनहक्क कायदा २००६ चा आहे. आदिवासींखेरीज जे इतर पारंपरिक वनवासी आहेत त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. नियमांत पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही येतात. मुलं आजोबांबरोबर फिरून जुन्या गुरांच्या वाटा, पाणवठे, पुरल्याच्या जागा, पडक्या वाड्यांचे जोते नकाशावर घेतात, तेव्हा त्या कागदाचा वाडीला खरोखर उपयोग होऊ शकतो. मुलांना हे कळलं की अक्षर आपोआप सुधारतं.

तुम्ही डोंगरातले आहात, पण इतर भागांतल्या शिक्षकांचीही पत्रं येतात म्हणून थोडं सांगलीकडचं. आटपाडी-जतला रान म्हणजे माळ, आणि तिथला शिक्षक म्हणजे मेंढका. दसऱ्यानंतर वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारा धनगरांचा तळ, बाहेर पडतो, पावसाबरोबर परत येतो. त्याच्याबरोबर दोन मुक्काम करायला दोन-तीनच मुलं पाठवा, जास्त झाली तर मेंढरं बुजतात. कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, त्या बदल्यात धान्य किती, हा करार कसा ठरतो ते ऐकण्यासारखं असतं. लेंडीखताचं मोल तिथं कळतं. रात्री ओवी सुरू झाली, सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडलं, की मोबाइल खिशात राहतो. मी बंदी कधीच घातली नाही.

वाळवा-मिरज-पलूस पट्ट्यात मात्र रान हिरवंगार दिसतं आणि दुखणं खाली असतं. उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी, निचरा नाही, खालचं खारं पाणी वर चढतं, वरचं ऊन पाणी ओढून घेतं आणि मीठ मागं राहतं. जमीन आधी चिबड, म्हणजे पाणथळ, मग चोपण, म्हणजे क्षारानं कडक आणि नापीक. तिथल्या एका तात्यांनी मुलांना ढेकूळ जिभेला लावून दाखवलं, मग मुलांनी क्षारता मोजायचं यंत्र लावलं. तात्यांच्या जिभेनं ज्या ढेकळाला 'वाईट' म्हटलं, यंत्रानंही त्यालाच म्हटलं. मुलांनी घरी जाऊन बापाला सांगितलं, पाणी कमी द्या. बापानं विचारलं, उसाचं टनेज कोण देणार? हा वाद अजून चालू आहे आणि मला वाटतं तो चालू राहणं बरं. हळदीची पेवंही दाखवा. हरिपूरला जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण त्या मातीत पाणी शिरत नाही. पेव उघडल्यावर आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं, मगच माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. ज्यांनी पेवात काम केलंय अशी माणसं आता मोजकी आहेत, त्यामुळं त्यांच्याकडं आधी जा.

सुरक्षेचं थोडक्यात. पायात बूट, हातात काठी, संध्याकाळनंतर बॅटरी. घोणस आणि फुरसं ओळखता आलं पाहिजे, धरायला जायचं नाही. साप चावल्यावर कुठल्या रुग्णालयात विषावरचं इंजेक्शन मिळतं हे निघायच्या आधी फोन करून विचारायचं, १०८ चा नंबर सगळ्यांना पाठ. गवा दिसला की लांबूनच वाट बदलायची. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल नाही. पालकांची लेखी संमती घ्या, आणि ती घेताना घरी जाऊन चहा प्या. कागदापेक्षा चहाचा उपयोग जास्त होतो.

शाळेत बसवायचं कसं, असं मुख्याध्यापक विचारतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची कल्पना आहे. गावातल्या कारागिरांकडं जाऊन शिकावं, असं त्यात म्हटलं आहे. त्यांना ते दाखवा. दहा दिवस सलग घेऊ नका, वर्षभरात विखरून मागा. बाकी अहवाल वगैरे मी लिहायला शिकले आहे, तुम्हीही शिकाल.

आणि यश कसं ओळखायचं? माझ्याकडं फार मोठं काही नाही. त्या पहिल्या शिबिरातल्या दोन मुलींपैकी एक आता साताऱ्यात नर्स आहे, दुसरी मुंबईला. आमच्या जुन्या मुलांपैकी बरेच चाकण-हिंजवडीला आहेत. त्यात मला वाईट वाटत नाही. काहीजण लावणीला चार दिवस रजा टाकून येतात. एकजण ग्रामसभेत उठून खाणीच्या ठरावाबद्दल विचारायला लागला तेव्हा सरपंचांनी मला फोन करून तक्रार केली. त्या कातकरी मुलाचं लग्न झालं, अजूनही तो दिवाळीनंतर भट्टीवर जातो. ते आम्हाला बदलता आलं नाही. पावसाळ्यात मात्र तो गट घेऊन निघतो, आणि आता दिवसाचे पैसे तोच सांगतो, मी नाही.

तर तुम्ही या उन्हाळ्यात मुलांना घेऊन निघू नका. आधी एकटे जा. तुमच्या वरच्या अंगाला धनगरवाडा असेलच. सकाळी म्हशी सुटायच्या आधी पोहोचा, चहापूड आणि साखर बरोबर न्या. वही घरी ठेवा. कुणी खुर्ची दिली तर घेऊ नका, म्हशी निघाल्या की मागं चालायला लागा. असं आठवड्यातून एकदा, पाऊस लागेपर्यंत. त्यानंतर आजींनीच विचारलं, "मास्तर, तुमची पोरं कवा आनताय?" तर मला कळवा, मग आराखड्याचं बोलू.